गालांचा दम

दत्ताराम सनईवाल्याला भादव्यात न्यूमोनिया झाला आणि पनवेलच्या एका दवाखान्यात अकरा दिवस त्याचा श्वास मशीननं घेतला. तो जगला, घरी आला, पण हा विषय वाडीत कुणी काढला की त्याचं पित्त खवळायचं. ज्याच्या दमाचं कौतुक करण्यात वाडीची बावीस वर्षं गेली, त्याचा दम म्हणे एका पेटीनं ओढला. त्याची बायको प्रयागबाई ते अकरा दिवस दवाखान्याच्या जिन्याखाली चटई टाकून राहिली होती. तिला त्या पेटीचा राग नव्हता. तिला पेटीच्या पाया पडायचं होतं, पण आत कुणी सोडत नव्हतं.

वाडी पोलादपूरच्या वर, सावित्रीच्या खोऱ्यात. एसटी खाली नदीशी सोडते, मग साकव ओलांडून चढण लागते. पूर्वी दत्ताराम खांद्यावर तांदळाची गोण घेऊन, मागच्याशी गप्पा मारत ही चढण चढायचा. कार्तिकात त्याला घरी आणला तेव्हा तो पाच ठिकाणी टेकला. पाचव्या ठिकाणी तर खाली बसला आणि मान वर न करता म्हणाला, "कुणी बगत नाय ना गो?" प्रयागबाईनं नाही म्हणून सांगितलं. खरं तर निम्मी वाडी कठड्याशी उभी राहून बघत होती.

एवढी लाज कशाची, तर मानाची. होळीच्या दुसऱ्या दिवशी काळकाईची पालखी देवळातून निघते आणि सहाणेवर जाऊन बसते. सहाण म्हणजे वरच्या अंगाचा दगडी चौथरा. मधली वाट साठ-सत्तर पावलांची, पण चढाची. तेवढ्या वाटेत उठवणीची सनई वाजते आणि ती कुठं तुटता कामा नये. तुटली तर देवीची झोपमोड झाली असं धरतात आणि मान त्या घरातून उठून भावकीतल्या दुसऱ्या घरी जातो. गेलेला मान परत आल्याचं कुणाला आठवत नाही.

चढावर न थांबता सनई वाजवायची तर एकट्या छातीचं काम नव्हे. कसलेला माणूस गालात वारा भरून ठेवतो. गाल पिळून सनईला वारा पुरवतो आणि तेवढ्यात नाकानं नवा श्वास आत घेतो. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. त्यातूनही माणूस आहे, अडखळतो. म्हणून पहिल्याच्या मागं दुसरा सनईवाला सूर धरून चालतो आणि पुढचा कमी पडला की तेवढ्यापुरता आपला आवाज चढवून झाकून नेतो. ही रीत सगळ्यांना ठाऊक असते आणि कुणी तोंडानं बोलत नाही. दत्तारामच्या मागं पाच वर्षं त्याचा पुतण्या महिपत सूर धरायचा. महाडला टेम्पो चालवणारा, तिशीतला, कमी बोलणारा पोरगा.

हा मान मुळात महिपतच्याच घरातला. त्याचा बाप चांगू हा दत्तारामचा थोरला चुलतभाऊ. बावीस वर्षांमागं चांगू तापातून उठून उठवणीला उभा राहिला आणि सहाणेच्या अलीकडं सगळ्या गावादेखत त्याची सनई तुटली. मागं दत्तारामच होता. त्यानं सूर धरला होता, पण चांगूचा दम इतका बसला की झाकता झाकेना, असं वाडी सांगते आणि प्रयागबाईही तेच धरून होती. वाडीचा निवाडा करणाऱ्या गावकारांनी तिथल्या तिथं मानाचा नारळ दत्तारामच्या हातात दिला. चांगूनं पुन्हा सनईला हात लावला नाही आणि तीन पावसाळ्यांत तो गेला. प्रयागबाईची ओटी मात्र त्या सालापासून सगळ्या बायकांच्या आधी भरली जाऊ लागली. तिला ते आवडत नव्हतं असं म्हणणं म्हणजे शुद्ध लबाडी होईल.

दवाखान्यानं महाडच्या उझ्मा मॅडमकडं पाठवलं. फिजिओथेरपीवाली, चोविशी-पंचविशीची, बोलायला सरळ. तिनं दत्तारामच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात एका यंत्राची नळी दिली आणि जोरानं श्वास आत ओढायला सांगितला. आकडा चोवीस आला.

"काका, तुमच्या वयाच्या माणसाचा सत्तर-ऐंशी यायला हवा," ती म्हणाली. "फुप्फुसं सुधारली आहेत, पण श्वास ओढणारे स्नायू खंगलेत. बरगड्यांखाली एक मोठा पडदा असतो. मशीननं अकरा दिवस त्याचं काम केलं, तो बसून राहिला. आता त्याला पुन्हा कामाला लावायचा."

मग तिनं घरी न्यायला एक वीतभर प्लास्टिकची नळी दिली. आत स्प्रिंग, बाहेर आकडे. स्प्रिंग जितकी आवळाल तितकी आतली झडप उघडायला जड. सकाळी तीस श्वास, संध्याकाळी तीस. नऊ आकड्यापासून सुरुवात. नाकाला चिमटा कायम. गाल आत जाता कामा नयेत, पोट पुढं आलं पाहिजे.

"काकी, हे तुमचं काम," उझ्मानं प्रयागबाईचा हात धरून दत्तारामच्या पोटावर टेकवला. "प्रत्येक श्वासाला हात इथंच. पोट हाताला लागलं तर श्वास मोजायचा, नाही तर नाही."

प्रयागबाईनं हात मागं घेतला आणि पदर सारखा केला. परक्या पोरीसमोर नवऱ्याच्या पोटावर हात! तिनं मान मात्र डोलावली.

पहिले आठ दिवस सगळं नियमानं झालं. माजघरात, दार लोटून, हात पोटावर. नऊच्या आकड्यालाही दत्ताराम घामाघूम होई. बारा श्वासांनंतर त्याचे ओठ थरथरत आणि तो नळी फेकायला बघे. प्रयागबाईच्या तळव्याला त्याचं पोट किंचित लागायचं. ती मोजायची, विसावा द्यायची, पुन्हा मोजायची. त्या आठवड्यात ती दोघं जितकी जवळ होती तितकी लग्नानंतरच्या पहिल्या सालातही नसतील.

पण उझ्मा दर रविवारी मोबाइलवर व्हिडिओ लावून बघणार होती, आणि त्या घरात रेंज मिळते ती फक्त ओटीच्या कोपऱ्यात. म्हणून व्यायाम ओटीवर आला. ओटी म्हणजे काही माजघर नव्हे. येणारा-जाणारा टेकतो, पान खातो, बघत बसतो. दोन दिवसांत वाडीनं नळीला नाव ठेवलं, दत्तारामची चिलीम. नाकाचा चिमटा बघून पोरं खिदळली तेव्हा दत्तारामनं तो काढला आणि पुन्हा लावला नाही. वर म्हणाला, "नाक दाबलं की माझा जीव घुसमटतो. सनईवाल्याला नाकच लागतं." प्रयागबाईनं तो चिमटा चहापावडरीच्या पुडीला लावून टाकला.

पोटावरचा हातही गेला. चार पुरुष बसलेले असताना तो कसा ठेवणार? ती उंबऱ्याशी बसून लांबूनच मोजू लागली. रविवारी मोबाइल धरायची तो नवऱ्याच्या तोंडासमोर. मॅडमना तोंड नीट दिसावं, नळीवरचा आकडा दिसावा. पोट कुणालाच दिसत नव्हतं.

आणि काय नवल, दत्ताराम सुधारला. नऊचे पंधरा झाले, पंधराचे बावीस. घाम थांबला, थरथर थांबली. तीस श्वास तो हसत ओढायचा, मधूनच नळी काढून कुणाला टोला हाणायचा आणि पुन्हा ओढायचा. पौषात तिशी ओलांडली. ओटीवर गर्दी होऊ लागली. ज्यानं त्यानं नळी पुसून ओढून बघितली. पंचविशीच्या गड्यांना पस्तिसावर झडप हलेना, आणि दत्तारामनं सटासट उघडून दाखवली. माघ संपायच्या आत तो एक्केचाळीसवर पोचला. त्याच्यापुढं नळीवर आकडाच नव्हता.

"आता कंपनीला सांगा, लांब नळी काढा म्हनावं," दत्ताराम म्हणाला आणि ओटी हसली. प्रयागबाईही हसली. तिच्या मनात एक गोष्ट मात्र कुरतडत होती. पऱ्याच्या पाण्यावर आंघोळीला जाऊन परत यायला तो अजूनही दोनदा टेकायचा, आणि टेकल्यावर खोकल्याचं निमित्त करायचा. तिनं ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. होळी जवळ आली होती, ओटी पहिल्यांदा तिचीच भरायची होती, आणि आकडा तर एक्केचाळीस होता.

उझ्मानंच शेवटी धरलं. रविवारी तिनं विचारलं, "काकी, नदीपासून घरापर्यंत आता किती वेळा थांबतात?" प्रयागबाईला खोटं पटकन सुचलं नाही. ती म्हणाली, "चारदा. कधी पाचदा." पलीकडून मॅडम म्हणाली, "उद्याच्या उद्या महाडला घेऊन या."

महाडला उझ्मानं जुनंच यंत्र काढलं आणि नाकाला चिमटा लावला. दत्ताराम ऐटीत बसला आणि ओढलं. उझ्मानं आकडा बघितला, पुन्हा ओढायला लावलं, तिसऱ्यांदा ओढायला लावलं. आकडा सत्तावीसच्या वर जाईना.

"तुमची मशीन बिगाडली," दत्ताराम म्हणाला.

"मशीन ठीक आहे काका." तिनं यंत्राच्या नळीला बाजूनं असलेलं सुईएवढं भोक त्याला दाखवलं. "गालांनी ओढलेला जोर इथून गळून जातो. छातीनं ओढलेला तेवढा टिकतो. तो सत्तावीस आहे. ज्याची छाती सत्तावीस ओढते तो एक्केचाळीसची झडप उघडेल कशी?" मग तिनं घरची नळी त्याच्या तोंडात दिली, चिमटा काढला आणि स्वतः त्याच्या पोटावर हात ठेवला. झडप सटासट उघडू लागली. पोट जागचं हललं नाही. गाल मात्र आत-बाहेर होत होते आणि नाकानं तो आरामात श्वास घेत होता.

चाळीस वर्षांची सवय होती ती. सनईत गालांनी वारा ढकलायचा आणि नाकानं घ्यायचा; इथं गालांनी ओढायचा आणि नाकानं घ्यायचा. त्यानं ठरवून केलं नव्हतं. गालांनीच काम अंगावर घेतलं होतं आणि छाती तीन महिने बसून राहिली होती, तशीच, जशी मशीनच्या वेळी.

"चूक माझीही आहे," उझ्मा म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "मी तोंड बघत राहिले. दुसऱ्या कुणाला गालांनी एवढं जमलंच नसतं, म्हणून माझ्या डोक्यात आलं नाही. तुम्ही वाजवता हे मला माहीत होतं." मग ती प्रयागबाईकडं वळली. "काकी, हात ठेवत होतात ना?"

प्रयागबाईला त्या पोरीचा राग आला, ओटीवर बसणाऱ्यांचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. एका पदरापायी तीन महिने गेले होते.

"आता पुन्हा नऊपासून. आठ-दहा आठवडे लागतील," उझ्मानं सांगितलं. "आणि यंदा सनई नाही. चढावर तर नाहीच. ऑक्सिजन खाली जाईल, चक्कर येईल. पुन्हा छातीत काही झालं तर मी जबाबदारी घेऊ शकत नाही."

होळीला पंधरा दिवस होते. एसटीत दत्ताराम पोलादपूर येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसला. स्टँडवर उतरल्यावर म्हणाला, "कुनाला बोलू नको." प्रयागबाई म्हणाली, "अवो, जीव जाईल." तो म्हणाला, "मंग जाऊ दे. ह्यो गेला तर एकदाच जाईल. मान गेला तर रोज जातो, मी बगितलंय." ती समजली की तो चांगूबद्दल बोलतोय.

ती तरीही गप्प बसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं महिपतला सगळं सांगितलं. महिपत संध्याकाळी आला, ओटीच्या पायरीवर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, यंदाची उठवणी मी वाजवतो, तुमच्या नावानं. गावकारांशी मी बोलतो. मान तुमच्याच घरात ऱ्हाऊ दे. पुढल्या साली तुमी उभे ऱ्हावा."

दुसऱ्या कुणाला असं कुणी म्हटलं असतं तर त्याचे डोळे भरून आले असते. दत्तारामनं त्याला हाकलून दिला. अगदी हाकलूनच. "तुज्या मनात काय हाय ते मला कळतंय," असं ओरडला आणि ओरडण्यानंच त्याला इतकी धाप लागली की पुढचं बोलता येईना. महिपत उठून गेला. मग रात्रभर दत्तारामनं एकच टुमणं लावलं. महिपत मागं नको. सुराला दुसरा कुणी बघ. खालच्या वाडीचा बघ, शिवथरचा बघ, कुणी पण बघ.

"आवं, घरातलं पोर हाय. पाच सालं तोच ऱ्हातो," प्रयागबाई म्हणाली.

"पाच सालं माझा दम व्हता," दत्ताराम म्हणाला.

तिला वाटलं, आजारानं माणूस संशयी झालाय. दुसरा सनईवाला काही मिळाला नाही. बाकीचे मुंबईला गेलेले, आणि त्यांच्या पोरांना सनई धरायची कुठून ते ठाऊक नव्हतं. नळी पुन्हा नऊवर आली, माजघरात, दार लावून, पोटावर हात ठेवून. पंधरा दिवसांत किती होणार? बाराव्या श्वासाला तो घामाघूम होई आणि तिच्याकडं असा बघे, जणू तीच त्याचा गळा दाबते आहे.

होळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोर सगळी वाडी जमली. मुंबईवाले नवे शर्ट घालून, मोबाइल वर धरून उभे. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, ढोल वाजला, पालखी खांद्यावर चढली. दत्ताराम फेटा बांधून पुढं उभा, त्याच्या मागं दोन पावलांवर महिपत. प्रयागबाई बायकांच्या पुढं, हातात आरती घेऊन. तिनं देवीकडं बघितलंच नाही. ती नवऱ्याच्या मानेकडं बघत होती.

सुरुवात तर अशी झाली की म्हातारे माना डोलावू लागले. तीन महिन्यांच्या व्यायामानं गाल तेवढे तयार झाले होते. वीस पावलं, पंचवीस पावलं सनई खणखणीत वाजली. तिसाव्या पावलाला उभा चढ लागला. त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या, खांदे कानांशी गेले. नाकपुड्या फुलत होत्या, पण आत काही जात नव्हतं. चाळिसाव्या पावलाला प्रयागबाईला त्याचे गाल दिसले. ते खपाटीला गेले होते. बोटं सनईवर बरोबर पडत होती, ओठ तोंडच्या पत्तीवर होते, आणि त्याच्या सनईत वारा नव्हता.

सनई मात्र वाजतच होती. महिपतनं मान इतकी खाली घातली होती की पाहणाऱ्याला त्याचे गाल दिसू नयेत. तो नुसता सूर न धरता सगळी उठवणीच वाजवत होता, काकाच्या वळणानं, काकाच्या हरकतींसकट, आवाज असा राखून की पुढचा वाजवतोय असं वाटावं. सहाण येईपर्यंत त्यानं ती सोडली नाही. पालखी टेकली. गावकारांनी नारळ दत्तारामच्या हातात दिला आणि म्हणाले, "दवाखान्यातनं आलेला मानूस वाटत नाय." मुंबईवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. दत्तारामला बोलता येत नव्हतं. लोकांना वाटलं, गहिवरला. बायकांनी प्रयागबाईची ओटी भरली, पहिली.

घरी आणेपर्यंत त्याचे ओठ निळे पडले होते. ती त्याला माजघरात भिंतीला टेकवून बसवून पाठ चोळत राहिली. पाऊण तासानं त्याचा श्वास जागेवर आला. मग ती म्हणाली, "वाचलात. महिपतनं सांभाळलान तुमाला. आता त्याला घरात बोलवा आनी दोन शब्द गोड बोला. तेवढं तरी करा."

दत्ताराम समोरच्या भिंतीकडं बघत होता. "त्यानं सूर सोडायला पायजे व्हता," तो म्हणाला. "मी वाट बगत व्हतो. चाळीस पावलं मी नुसता त्याचीच वाट बगत व्हतो, कदी सोडतो त्याची."

"कशाला सोडील त्यो?"

"मी सोडला व्हता."

प्रयागबाईचा हात पाठीवर थांबला.

"चांगूदादाच्या टायमाला," तो थांबत थांबत, दोन शब्दांना एक श्वास घेत म्हणाला. "त्याचा दम बसतोय हे मला त्याच्या मानंवरनंच कळलं. झाकता आलं असतं. दहाच पावलं ऱ्हायली व्हती. मी सनई तोंडातनं काढली. पत्ती भिजली असं सांगनार व्हतो. कुनी इचारलंच नाय, सगळ्यांचे डोळे दादावर व्हते."

तिला चीड आली, आणि ती कुठं टाकायची ते कळेना. बावीस होळ्या तिनं सगळ्यांच्या आधी ओटी भरून घेतली होती. महिपतची आई तेव्हा हयात होती. मागच्या रांगेत उभी राहून ती हसतमुखानं म्हणायची, भरा गो तिची आधी, तिचा मान हाय. प्रयागबाई त्यावेळी ताठ मानेनं पुढं व्हायची. ज्या माणसाचे श्वास तिनं जिन्याखाली बसून देवाकडं मागितले होते, त्यानं भावाचा श्वास गावासमोर उघडा पाडला होता आणि बावीस वर्षं त्याच मानावर जेवला होता. हे आज सांगितलं नसतंत तर काय बिघडलं असतं, असं तिच्या ओठांवर आलं. पण समोरच्याची धाप बघून ती उठली.

तेवढ्यात अंगणातून हाक आली. "काकी." महिपत होता. आत येत नव्हता; गेल्या वेळी हाकलला होता ते तो विसरला नव्हता. प्रयागबाई ओटीवर आली आणि माजघराचं दार मागं ओढून घेतलं.

"काका बरे हायत ना?" त्यानं विचारलं.

"बसलेत."

"त्यांना बोलू नका मी आलो व्हतो. राग येईल त्यांना." तो पायरीशी घोटाळला. "आनी त्यो व्यायाम करायला लावा नीट. मॅडम बोलतात तसा. घाई नाय. पुढल्या साली पन मी हायच मागं."

प्रयागबाईला राहवलं नाही. "तुला एवढा बोलले, हाकललान. तरी कशाला केलंस रे? मान आज तुज्या घरात आला असता. तुज्या बाचाच व्हता त्यो."

महिपत थोडा लाजल्यासारखा झाला. "बाबा मरेस्तोवर सांगायचे," तो म्हणाला. "बोलायचे, दत्तूनं माज्यासाठी लय जोर लावलान. त्याच्या बरगड्या मोडायची येळ आली, पन मीच कमी पडलो. त्याच्यावर राग धरू नको, एखादे दिवशी त्याला गरज लागली तर तू पन तसाच ऱ्हा, असं सांगायचे. मी तवा लहान, मागं गर्दीत व्हतो, मला काय दिसलं नाय." तो तिच्याकडं बघून थांबला. "तुमी तर पुढंच व्हता काकी. काकांनी लय केलान ना तवा?"

दारापलीकडं खोकला सुरू झाला होता. तो मुद्दाम दाबलेला, ऐकत बसलेल्या माणसाचा खोकला होता. प्रयागबाईला वाटलं, आत्ता त्यानं बाहेर यावं. चार पावलं तर होती. एवढी चार पावलं त्यानं आपल्या पायांनी, आपल्या दमानं यावीत आणि मी सूर सोडला व्हता, एवढं एकच वाक्य त्या पोराला सांगावं, मग मान जाऊ दे, ओटी जाऊ दे, वाडी तोंडावर थुंकली तरी चालेल. ती थांबली. खोकलाही थांबला. दार हललं नाही.

महिपत उत्तराची वाट बघत होता.

"व्हय," प्रयागबाई म्हणाली. "लय केलान. मी बगितलं व्हतं."

पोराचा चेहरा उजळला. त्याला तेवढंच हवं होतं. येतो काकी म्हणून तो पायऱ्या उतरला आणि सहाणेकडं निघून गेला.